थंडीत सकाळी चालू न होणारा आणि दुपारी आपोआप बरा होणारा कॉम्प्युटर

डिसेंबर लागला की ग्वाल्हेरात, लश्करपासून मुरारपर्यंत, ओळखीच्या घरांतून एकच तक्रार ऐकू येते. रात्री नीट बंद केलेला डेस्कटॉप सकाळी बटण दाबलं तरी उठत नाही. पंखा जरासा हलतो आणि थांबतो, कधी तेवढंही होत नाही. मग घरातला जो कोणी जाणकार असेल तो कॅबिनेटची बाजू उघडतो, रॅम काढतो, खोडरबरने घासतो, फुंकर मारून परत बसवतो, दोन-चार वायरी दाबतो आणि मशीन चालू होतं. रॅमचाच दोष होता, असा निकाल लागतो. दिवसभर सगळं सुरळीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खोडरबर.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या अर्ध्या तासात दोन गोष्टी घडलेल्या असतात. तुम्ही काहीतरी केलेलं असतं, आणि मशीनला तेवढा वेळ वीज मिळालेली असते, खोलीही थोडी उबदार झालेली असते. यातल्या कशाने काम झालं हे तुम्हाला माहीत नसतं. आणि दोष जर दर सकाळी परत येत असेल, तर तुम्ही केलेला उपाय हा बहुधा उपाय नव्हताच.

म्हणून पहिली चाचणी अशी, की काहीच करायचं नाही.

सकाळी भिंतीवरच्या बोर्डाचं बटण चालू करा. कॅबिनेटच्या मागे एसएमपीएसवर, म्हणजे भिंतीतली वीज कॉम्प्युटरला हवी तशी करून देणाऱ्या पत्र्याच्या डब्यावर, छोटा स्विच असतो, तो चालू आहे ना ते बघा. समोरचं बटण एकदा दाबा. मशीन उठलं नाही, तर कशालाही हात न लावता निघून जा. चहा घ्या, आंघोळ उरका, पण बोर्ड चालूच राहू द्या. अर्ध्या-पाऊण तासाने परत येऊन बटण दाबा. आता चालू झालं, तर रॅम, ग्राफिक्स कार्ड, वायरी या सगळ्यांवरचा संशय बराच कमी झाला. कुणी काही हलवलं नाही, काही घासलं नाही, फक्त वेळ गेला. असं दोन-तीन सकाळी जमलं तर संशयित जवळजवळ ठरलेला आहे, आणि तो म्हणजे एसएमपीएस.

दुसरी चाचणी रात्रीची. आपल्याकडे झोपण्यापूर्वी बोर्डावरची सगळी बटणं बंद करायची पद्धत आहे. एका रात्री कॉम्प्युटर बंद करा, पण बोर्ड चालू ठेवा. डेस्कटॉप बंद असला तरी वीज जोडलेली असेल तर एसएमपीएसचा एक छोटा भाग जागा असतो. तो मदरबोर्डला, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या आतल्या मुख्य पाटीला, सतत ५ व्होल्ट देत राहतो, समोरचं बटण दाबलं हे मदरबोर्डला कळतं ते त्याच विजेवर. बोर्ड चालू ठेवलेल्या रात्रीनंतर सकाळी मशीन झटकन उठलं, आणि बंद ठेवलेल्या रात्रीनंतर उठलं नाही, तर दोष एकतर त्या ५ व्होल्टच्या भागात आहे किंवा मदरबोर्डवरच्या सेलमध्ये. सेलचं पुढे बघू. दोन्ही रात्रींनंतर सारखाच त्रास झाला, तर मग थंडीचा परिणाम इतरत्र शोधायचा.

एक तिसरी शक्यता लोक विसरतात. सकाळ म्हणजे फक्त थंडी नव्हे. जानेवारीत सकाळी सात ते नऊ या वेळात सगळ्या गल्लीचे गीझर, हीटर आणि पाण्याचे पंप एकदम चालू असतात. दौलतगंज, जनकगंज अशा जुन्या वस्तीत वायरिंग जुनं असलं की बोर्डापाशी व्होल्टेज चांगलंच खाली येतं. चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्ट कशावरही चालतो, त्याला फरक पडत नाही. स्वस्तातला मात्र १८०च्या आसपास कुरकुरायला लागतो. मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं छोटं यंत्र, असेल तर गीझर चालू असताना सॉकेटमध्ये मोजून बघा. नसेल तर सोपं आहे, पहाटे पाच वाजता, गल्ली झोपलेली असताना बटण दाबून बघा. त्या वेळी थंडी जास्त असते आणि विजेवरचा भार कमी. तेव्हा मशीन उठत असेल, तर कॉम्प्युटर सोडून इलेक्ट्रिशियनला बोलवा.

थंडी नेमकं काय करते

एसएमपीएसच्या आत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात. दुरुस्तीवाले त्यांना कंडेन्सर म्हणतात. ॲल्युमिनियमचा छोटा डबा, आत गुंडाळलेली पट्टी आणि ती भिजवणारा द्रव. वीज साठवणं आणि व्होल्टेजमधली थरथर कमी करणं, हे त्यांचं काम. हा द्रव वर्षानुवर्षं थोडा थोडा आटत जातो. आटला की कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो आणि साठवणक्षमता घटते. थंडीत उरलासुरला द्रवही दाट होतो, न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली थिजते तसा, आणि रोध आणखी वाढतो. दुपारी वीस-बावीस अंशांना जो कपॅसिटर कसाबसा काम निभावतो, तोच सकाळी आठ-दहा अंशांच्या खोलीत निभावत नाही.

खरी मेख पुढे आहे. कपॅसिटर थंडीने मरत नाही, उन्हाळ्याने मरतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना २००० तास असं लिहिलेला कपॅसिटर घेतला, तर तो ७५ अंशांना साधारण १६,००० तास आणि ६५ अंशांना ३२,००० तास टिकेल. रोज आठ तास मशीन चालवलं, तर पहिला हिशोब साडेपाच वर्षांचा होतो आणि दुसरा अकरा वर्षांचा. ग्वाल्हेरात मे-जूनमध्ये बाहेर पारा ४५च्या पुढे जातो. कूलर बैठकीत आणि कॉम्प्युटर आतल्या बंद खोलीत, पंख्याच्या जाळीवर धुळीचा थर, अशा वेळी डब्याच्या आत काय होत असेल ते बघायला थर्मामीटर नको. दुखणं उन्हाळ्यात लागतं आणि दिसतं पुढच्या थंडीत. म्हणूनच 'कालपर्यंत तर ठीक होता' हे वाक्य प्रामाणिक असलं तरी कामाचं नसतं.

नव्या मदरबोर्डांवर बहुतेक घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात. त्यांत द्रव नसतो, थंडीचा त्यांच्यावर फारसा परिणाम होत नाही. जुना बोर्ड असेल, विशेषतः २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतला, तर प्रोसेसरच्या आजूबाजूचे कपॅसिटर नीट बघा. सदोष द्रवामुळे त्या काळातले असंख्य बोर्ड जगभर वाया गेले. वरचं सपाट टोपण फुगलेलं, किंवा तपकिरी चिकट डाग बाहेर आलेला दिसला, की निदान झालं. फुगलेला नसला म्हणजे चांगला, असं मात्र नाही. वाळलेला कपॅसिटर बाहेरून एकदम निरोगी दिसतो.

आता पंखा एकदाच हलून थांबतो त्याचं कारण. बटण दाबल्यावर एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनी चालू करतो. त्या स्थिर झाल्या की १०० ते ५०० मिलिसेकंदांत एका वेगळ्या वायरीवरून मदरबोर्डला 'सगळं ठीक' असा इशारा देतो. तो इशारा आल्याशिवाय प्रोसेसर कामाला लागत नाही. कपॅसिटर अशक्त असतील तर व्होल्टेज स्थिर होत नाही, इशारा येत नाही, एसएमपीएस स्वतःला बंद करतो. पंख्याला मिळालेला तो एक झटका म्हणजे हा फसलेला प्रयत्न. काही मशीन आपणहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात आणि चौथ्या-पाचव्या खेपेला उठतात, कारण प्रत्येक झटक्यात कपॅसिटर थोडे गरम होत असतात.

हे तपासायचं कसं

कॅबिनेटच्या आत हात घालण्यापूर्वी भिंतीवरचा बोर्ड बंद करा, प्लग काढा, आणि मग समोरचं बटण दहा-वीस सेकंद दाबून धरा. उरलेली वीज निघून जाते. एसएमपीएसचा स्वतःचा डबा मात्र कधीही उघडू नका. २३० व्होल्टची वीज आत गेल्यावर सरळ होऊन सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास पोचते, काही एसएमपीएसमध्ये ४००च्या जवळ, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये ती काही काळ बसून राहते. आतले कपॅसिटर बदलून देणारे कसबी मिस्त्री आहेत, ते त्यांचं काम.

मल्टिमीटर असेल तर एक मोजमाप करण्यासारखं आहे. त्यासाठी प्लग परत लावायचा, बोर्ड चालू, मशीन बंद. मदरबोर्डला लागणाऱ्या २४ पिनांच्या जाड कनेक्टरमध्ये एक जांभळी वायर असते. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, काळी काडी कोणत्याही काळ्या वायरीच्या मागून आत टेकवा, लाल काडी जांभळ्या वायरीत. ४.७५ ते ५.२५च्या मध्ये आकडा यायला हवा. सकाळी ४.३ आणि दुपारी ५.०, असं दिसलं तर आणखी पुरावा कशाला हवा? सगळ्या वायरी काळ्या असतील तर ९ नंबरची पिन शोधा. चालू मशीनवर पिवळ्या वायरीत ११.४ ते १२.६ यायला हवेत. पण लक्षात ठेवा, साधा मीटर सरासरी दाखवतो. थरथर त्याला दिसत नाही, त्यामुळे आकडे बरोबर येऊनही एसएमपीएस दोषी असू शकतो.

व्हिडिओंमध्ये हिरवी वायर आणि काळी वायर क्लिपने जोडून एसएमपीएस तपासतात. ती चाचणी मला फारशी पटत नाही. त्यात पंखा फिरला तर एवढंच कळतं की भार नसताना एसएमपीएस जिवंत आहे. आपला रुग्ण भार पडल्यावर कोसळणारा आहे.

त्यापेक्षा भार कमी करून बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल आणि प्रोसेसरला स्वतःचं डिस्प्ले असेल, तर कार्ड काढा. हार्डडिस्क, डीव्हीडी, सगळे यूएसबी काढा. फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम. एवढ्यावर थंड सकाळी मशीन पहिल्या दमात उठलं आणि सगळं जोडल्यावर उठलं नाही, तर एसएमपीएस थकला आहे. एवढ्यावरही झटका देऊन थांबलं, तर आणखी दोन जागा बघा. एक, प्रोसेसरजवळची ४ किंवा ८ पिनांची वेगळी वायर सैल आहे का. दोन, समोरच्या यूएसबी पोर्टमधली पट्टी वाकून पिना एकमेकींना टेकल्या आहेत का. लहान मुलांच्या घरात हे दुसरं कारण वाटतं त्यापेक्षा पुष्कळदा निघतं.

शेवटचा शब्द मात्र उसन्या एसएमपीएसचा. मित्राकडून, शेजाऱ्याकडून एका रात्रीपुरता मागून आणा, संध्याकाळीच बसवा, बोर्ड बंद करा आणि सकाळी सगळ्यात थंड वेळी चालू करून बघा. दुपारी बसवून दुपारीच चालू केलं तर काहीच सिद्ध होत नाही.

नवा घ्यायचा झाला तर लेबलवरच्या वॉटवर जाऊ नका. ४५० वॉट लिहिलेला अगदी हलका डबा आणि ४५० वॉट लिहिलेला जड डबा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ८० प्लसचं चिन्ह बघा. त्याचा अर्थ २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता तपासलेली आहे. घरगुती मशीनला, मोठं ग्राफिक्स कार्ड नसेल तर, खरे ४५० वॉट भरपूर झाले. जयेंद्रगंजात दुकानदार बहुधा आधी स्वस्तातला पुढे करेल, कारण गिऱ्हाईक तोच मागतं. एक जुना लाल स्विचही बघून घ्या, ज्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं असतं. तो आपल्याकडे नेहमी २३० वरच हवा. कुणी गमतीत ११५वर सरकवला तर पुढचा आवाज फटाक्याचा येतो.

पंखा फिरतो, दिवा लागतो, पण स्क्रीन काळी

हा प्रकार वेगळा आहे आणि इथे रॅमवरचा संशय रास्त आहे. पण त्याआधी कीबोर्डवरचं नम लॉक दाबा. त्याचा दिवा लागतो-विझतो आहे का? तसं असेल तर मशीन आतून चालू आहे आणि दुखणं मॉनिटरचं किंवा केबलचं आहे. मॉनिटरमध्येही तसलेच कपॅसिटर असतात, तोही थंडीत आजारी पडतो. जुन्या एलसीडीत मागचा दिवा लागत नसेल तर खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. पुसटसं चित्र दिसलं तर कॉम्प्युटर निर्दोष सुटला. वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनमध्ये केबल कार्डालाच लावायची, वरच्या मदरबोर्डच्या पोर्टला नव्हे. सफाई करताना वायरी काढून लावल्या की ही गडबड हमखास होते.

नम लॉक मेलेलं असेल तर रॅम. आता खोडरबर काढा, पण एक-एक करून. दोन पट्ट्या असतील तर एकच लावा, चार खाचा असतील तर प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत. दुसरी पट्टी, दुसरी खाच, असं आलटून पालटून. प्रत्येक बदलानंतर एकच निष्कर्ष काढायचा. खोडरबरचा चुरा खाचेत पडू देऊ नका. बोर्डावर स्पीकर असेल तर बीप मोजा. बीपांचा अर्थ बोर्डागणिक बदलतो, तो त्या बोर्डाच्या पुस्तिकेत बघायचा. नव्या बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी नावं लिहिलेले चार बारीक दिवे असतात. कुठल्या दिव्यावर मशीन अडकलं ते तिथे दिसतं.

डीडीआर ५ रॅमचं नवं मशीन असेल तर थोडा धीर धरा. रॅम नवीन बसवल्यावर किंवा सेटिंग पुसल्यावर ते रॅमशी जुळवून घ्यायला काही मिनिटं घेतं आणि तोवर स्क्रीन काळीच असते. त्या मधल्या वेळात बटण दाबून बंद केलं की सगळं पहिल्यापासून.

सेल

मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. घड्याळ आणि बायोसची, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामची, सेटिंग तो सांभाळतो. भिंतीवरचा बोर्ड चालू असतो तेव्हा त्याला जवळजवळ काम नसतं, कारण तेच ५ व्होल्ट घड्याळही चालवतात. रोज रात्री बोर्ड बंद करणाऱ्या घरात मात्र सेल रोज रात्रभर राबतो आणि लवकर संपतो. थंडीत त्याचं व्होल्टेज आणखी थोडं उतरतं.

सेल संपला म्हणून मशीन अजिबात उठत नाही, असं क्वचित होतं. जास्त वेळा होतं ते असं की सकाळी तारीख जुन्या कुठल्यातरी वर्षावर जाते, एफ १ दाबा असा निरोप येतो, किंवा लोगोनंतर बूट डिव्हाइस सापडत नाही असं दिसतं. लोक घाबरतात की डिस्क गेली. डिस्क शाबूत असते. बायोसची सेटिंग मूळ पदावर गेल्यामुळे डिस्क वाचायची पद्धत (एएचसीआय) बदलते किंवा मशीन उठायची नवी पद्धत (यूईएफआय) जाऊन जुनी (लेगसी) येते, आणि विंडोज स्वतःलाच ओळखत नाही. विंडोज उघडलंच तर चुकलेल्या तारखेमुळे वेबसाइटी एकामागून एक सुरक्षेचे इशारे देतात. घड्याळ बघितल्याशिवाय इंटरनेटवाल्याशी भांडू नका.

सेल काढून मीटरने मोजा. २.८च्या खाली असेल तर बदलून टाका, किराण्याच्या दुकानातही मिळतो. पण सेल काढण्याआधी, मशीन चालू असताना बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा. आणखी एक खबरदारी, आणि ही खरोखर महत्त्वाची आहे. विंडोज ११च्या अनेक मशीनवर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असते आणि मालकाला ते ठाऊकही नसतं. बायोस पुसल्यावर ते ४८ अंकी किल्ली मागू शकतं. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर जमा असते. सेलला हात लावण्यापूर्वी ती शोधून कागदावर लिहून ठेवा. नंतर शोधायला बसलात आणि खात्याचा पासवर्ड त्याच कॉम्प्युटरमध्ये असला, तर कठीण आहे.

काही किरकोळ

विंडोज उघडता उघडता गोल फिरत राहतं आणि ते फक्त शटडाउननंतरच होतं, रीस्टार्टनंतर नाही, तर पॉवर ऑप्शनमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना शटडाउन पुरता होत नाही, आतला काही भाग डिस्कवर गोठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यात एखादा ड्रायव्हर अडखळला की रोज अडखळतो.

घरचा इन्व्हर्टर असेल आणि लाइट गेल्यावर कॉम्प्युटर बंद पडत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा स्विच आहे का बघा. एसएमपीएस वीज गेल्यावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर साध्या मोडमध्ये बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ घेऊ शकतो. त्या धक्क्यांनी विंडोजच्या फायली बिघडतात आणि मग सकाळी निळी स्क्रीन दिसते, ज्याचा थंडीशी काही संबंध नसतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून पत्र्यावर निम्मं व्होल्टेज, म्हणजे सव्वाशेच्या आतबाहेर, येत असतं. प्रवाह अगदी कमी असतो म्हणून फक्त मुंग्या. कॉम्प्युटर न उठण्याचं हे कारण नव्हे, पण जुन्या वाड्यातलं वायरिंग बघून घ्यायला हे निमित्त पुरेसं आहे.

आणि कॅबिनेट उघडलंच आहे तर पाल बघा. थंडीत तिला एसएमपीएसची ऊब आवडते. जाळीतून आत गेलेली पाल एसएमपीएसला आणि स्वतःला एकदमच संपवते, मग वरचं कुठलंही निदान लागू पडत नाही.

दुकानात न्यायचं असेल तर

या दोषाची सगळ्यात चिडवणारी गोष्ट म्हणजे दुकानात तो दिसत नाही. तुम्ही दुपारी बाराला मशीन रिक्षात घालून नेता, तो मुलगा बटण दाबतो, मशीन लगेच उठतं. 'अंकल, इसमें तो कुछ नहीं है.' त्याचंही बरोबर असतं. त्याच्यासमोर मशीन उठलेलंच आहे. मग तुमच्या समाधानासाठी तो रॅम पुसून देतो, प्रोसेसरवरची पेस्ट बदलतो, विंडोज नवं टाकू का विचारतो. विंडोज टाकू देऊ नका. बटण दाबल्यावर पंखाच फिरत नसेल तर विंडोजचा तिथे काही हात नाही, आणि आधी जुन्या फोटोंची प्रत घेतलेली नसेल तर नुकसान तुमचं.

मशीन संध्याकाळी नेऊन द्या. रात्रभर प्लग काढून ठेवायला सांगा आणि सकाळी दुकान उघडल्या उघडल्या, हीटर लावण्याआधी, पहिलं बटण याचंच दाबा म्हणावं. सोबत एक चिठ्ठी कॅबिनेटवर चिकटवा: पंखा हलून थांबतो की मुळीच हलत नाही, बोर्ड रात्रभर चालू ठेवल्यावर काय होतं, अर्धा तास नुसतं थांबल्यावर काय होतं, जांभळ्या वायरीत सकाळी किती आणि दुपारी किती, एसएमपीएस कोणत्या वर्षी घेतलेला. एवढं लिहिलेलं असेल तर चांगला मिस्त्री बाकी कशालाही हात न लावता आधी दुसरा एसएमपीएस लावून बघेल.

नवा बसवून आणलात तरी जुना लगेच भंगारात घालू नका. पहिल्या खऱ्या थंड सकाळी, बोर्ड रात्रभर बंद ठेवून, मशीन एका दमात उठू द्या. मग घाला.